पायातला जीपीएस टॅग : या चुका टाळा

इंग्लंडात असताना मी तीन वर्षं टॅगच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी केली. तुरुंगात न धाडता घरी राहूनच शिक्षा भोगायला लावलेल्या माणसांच्या घोट्याला काळा डबा बांधतात, त्याचे ठिपके बघत बसायचं काम. आता गोव्यात, डिचोलीत एका वकिलांच्या ऑफिसात आहे. ओळखीतले दोनच गोष्टी विचारतात. एक, ‘आमचा पोर इंग्लंडात स्विंडनला आहे, त्याच्या पायात बांधलाय, काय सांभाळायचं?’ दुसरी, ‘आपल्याकडेही येणार म्हणतात, खरं काय?’

दुसरीचं आधी सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा आली. पाच हजार रुपयांच्या आतली पहिलीच चोरी आणि माल परत केलेला, दारू पिऊन चारचौघांत घातलेला धिंगाणा, बदनामी, असे मोजकेच गुन्हे त्यात बसतात. पण त्या कलमांत टॅगचा शब्दही नाही. टॅग इथे आला तो वेगळ्या वाटेने. जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३ मध्ये जामिनावरच्या आरोपीच्या पायात तो बांधला, आणि केंद्राच्या त्याच वर्षीच्या आदर्श कारागृह कायद्यात रजेवर सुटणाऱ्या कैद्यांसाठी तशी तरतूद आहे. तेव्हा पुढे गोव्याबद्दल जे लिहितोय ते ‘उद्या आलाच तर’ या हिशोबाने वाचा. चुका मात्र तिथल्याच, मी डोळ्यांनी बघितलेल्या.

चार्जिंग झोपेवर सोडणं

आमच्या स्क्रीनवर रात्री ज्या लाल ओळी उमटायच्या, त्यांतला पळालेला माणूस क्वचित असायचा. बहुतेक ओळी बॅटरी संपलेल्या डब्यांच्या. जीपीएसचा टॅग फोनसारखाच रोज चार्ज करावा लागतो, आणि तोही पायात असतानाच. लोक काय करतात, रात्री अंथरुणावर पडून वायर लावतात. कूस बदलली की वायर सुटते, सकाळी डबा मेलेला. मग त्या सहा-सात तासांत माणूस कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही, आणि कागदावर तेच नियमभंग म्हणून जातं. एक ड्रायव्हर होता, तो रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसला की डाव्या पायाला वायर लावायचा आणि टीव्हीवरचा फुटबॉल संपेपर्यंत उठायचा नाही. शिक्षा संपेपर्यंत त्याचा एकही फोन आला नाही.

आपल्याकडे संध्याकाळवर भरवसा नको. जून-जुलैत सत्तरीत करंट गेला की कधी येईल हे खात्यालाही ठाऊक नसतं. सकाळी चहाबरोबर चार्ज करा, संध्याकाळी वरून थोडा भरा. फोनचा दुसराच कुठला चार्जर लावू नका. बॅटरी संपणार असं दिसलं तर संपण्याआधी फोन करा, आणि किती वाजता केला, कोण बोललं, हे वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे कितीतरी प्रकरणं त्या एका ओळीवर मिटली.

पट्ट्याचं थोडक्यात. आंघोळ चालते. पाय सुजला, खाज आली तर पट्टा सैल करून घ्यायला बोलवा, आत खोबरेल आणि फडका कोंबू नका. पट्ट्यातून जाणारी बारीक तार ताणली गेली तरी छेडछाडीचा इशारा जातो. चंदेरी कागद गुंडाळणारे महाभाग तिथेही होते. उपग्रह आणि मोबाइल नेटवर्क दोन्ही एकाच मिनिटाला गेले की आमच्या लक्षात यायचंच.

ठिपका म्हणजे माणूस समजणं

ही चूक अधिकाऱ्यांची, आणि सगळ्यांत महाग. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि जागा ठरवायला किमान चार उपग्रहांचा सिग्नल लागतो. तो इतका क्षीण असतो की स्लॅबखाली, डोंगराच्या कुशीत, दाट झाडीत एक तर हरवतो, नाही तर आपटून उशिरा पोचतो. उघड्या मैदानात चार-पाच मीटरची चूक, घराच्या आत तीच सहज पन्नासच्या पुढे.

आता एखादं कुळागर डोळ्यांसमोर आणा. वर माड-पोफळींचं छप्पर, खाली उतारावर घर, पाठीमागे ओहोळ. असल्या घरात निजलेल्या माणसाचा नकाशा रात्रभर चांदणीसारखा दिसेल: ठिपका अंगणात, मग ओहोळापलीकडे, मग शेजाऱ्याच्या गोठ्यात, परत घरात. नवीन माणूस म्हणेल, हा हिंडतोय. खरा चालणारा माणूस वाट धरून जातो. भरकटलेला ठिपका भिंत, नदी, कुंपण काही मानत नाही. प्रत्येक ठिपक्यासोबत किती उपग्रह दिसत होते आणि वेग किती होता याचे रकाने असतात. ते उघडल्याशिवाय कुणाला फोन करू नये, असं माझा तिथला वरिष्ठ सांगायचा आणि मग स्वतःच विसरायचा.

ठिपका मोबाइल टॉवरवरून काढलेला असेल तर चूक किलोमीटरमध्ये जाते. तेरेखोलचंच घ्या. गाव गोव्याचं, पण नदीच्या पलीकडच्या काठाला. टॅगने सिंधुदुर्गातला टॉवर पकडला तर घरात बसलेला माणूस राज्याबाहेर गेलेला दिसेल. आणि सांग्याच्या डोंगरात नेटवर्कच नसलं तर टॅग ठिपके पोटात ठेवतो आणि नंतर एकदम ओततो. ते पोचेपर्यंत ‘गायब’ हा शब्द लिहू नये.

घड्याळ न तपासणं

हा किस्सा मी विसरणार नाही. एका माणसावर संध्याकाळी सात ते सकाळी सात घरी राहायची अट. तक्रार आली की हा आठवडाभर सहा वाजून पाच मिनिटांनी बाहेर पडतो. वकील, अधिकारी, सगळे त्याच्यावर चिडलेले. मूळ फाइल जागतिक प्रमाणवेळेत होती आणि उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. बिचारा सात वाजून पाच मिनिटांनीच कामाला जात होता. आपला फरक तर साडेपाच तासांचा. सकाळी ७.०५ ला निघालेला माणूस त्या फाइलीत रात्री १.३५ ला बाहेर पडलेला दिसेल. वकिलांनो, उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारा: ही वेळ कुठली?

वर्तुळ काढून मोकळं होणं

तक्रारदाराच्या घराभोवती पाचशे मीटरची बंदी घालणं कागदावर सोपं. गोव्यातली गावं एका रस्त्याला माळेसारखी ओवलेली. त्या वर्तुळात बस थांबा, देऊळ, पंचायत, सगळंच येतं आणि कदंबच्या बसमध्ये बसलेला माणूस रोज दोनदा नियम मोडतो. हद्द रस्ता बघून आखायची, आणि बसने थेट पार होण्याची मुभा आदेशातच लिहून घ्यायची.

तसंच चतुर्थीचं. पत्ता वास्कोतल्या फ्लॅटचा, गणपती मूळ घरी केरीला. ‘साहेबांना सांगितलंय’ हे चालत नाही. स्क्रीनवर बसलेल्याला साहेब माहीत नसतो, त्याला बदललेला पत्ता लागतो. लेखी अर्ज चांगला महिनाभर आधी द्या, आणि तारखा दोन दिवस सढळ मागा. विसर्जन दीड दिवसाचं की सात, हे घरातल्या म्हाताऱ्यांवर असतं.

हजेरीऐवजी टॅग वापरणं

टॅग पाय कुठे आहे ते सांगतो. सामुदायिक सेवेच्या वेळी हातात झाडू होता का, हे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात चार तास ठिपका हलला नाही म्हणजे चार तास आंब्याखाली बसून काढलेलेही असू शकतात. उलट पंचायतीभोवती हद्द आखली आणि काम स्मशानभूमीच्या साफसफाईचं दिलं, तर राबणारा माणूस गैरहजर ठरतो. काम घेणाऱ्याच्या सहीचं हजेरीपुस्तक सुटत नाही.

‘मग टॅग कशाला, फोनचं लोकेशन पाठवू दे’ असं म्हणणाऱ्यांसाठी: ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने जामिनावरच्या आरोपीने गूगल मॅप्सवर पिन टाकण्याची अट रद्द केली. ती खासगीपणावर घाला तर होतीच, पण पिन टाकून माणसाचा माग लागतच नाही हे खुद्द गूगलने कोर्टाला सांगितलं होतं.

स्विंडनवाल्यांसाठी शेवटचं. शिक्षा संपली त्या रात्री कात्री घेऊन बसू नका. पट्टा काढायला त्यांचा माणूस येतो. नाहीच आला तर फोन करा आणि तोही वहीत लिहा. चार्जर सोबत परत द्यायचा असतो, तो टीव्हीमागे राहतो.