मराठवाड्यात जर्मन शेफर्ड सांभाळताना

जर्मन शेफर्ड म्हटले की पोलिसांचा कुत्रा आठवतो. परंतु १८९९ पासून जर्मन घोडदळातले अधिकारी माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी ही जात घडवली ती मेंढ्यांमागे राबणाऱ्या कुत्र्यांतून. चरणाऱ्या मेंढ्यांनी पिकात तोंड घालू नये म्हणून तो दिवसभर शेताच्या कडेने येरझाऱ्या घालत असे. जणू चालता बांधच. आमच्या शेतातल्या आखाड्यावरची मादी कोणी न शिकवता रोज संध्याकाळी सोयाबीन आणि तुरीच्या मधल्या पट्ट्यावरून मान खाली घालून फिरते आणि वासरू पलीकडे वळले की त्याच्या मागच्या पायाशी जाऊन उभी राहते.

म्हणूनच या कुत्र्याला साखळीने बांधून ठेवणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. काम आणि माणसांचा सहवास मिळाला नाही, तर तो सतत भुंकतो, उकरतो आणि चिडका होतो. सकाळ-संध्याकाळ भरपूर फिरवावे, वस्तू हुडकून आणायला लावावी. धावणाऱ्या मुलांच्या टाचांना तो तोंड लावतो, तो राग नसून कळप वळवण्याची उपजत ओढ असते. तेव्हा मारू नये, पिल्लू असतानाच हाक मारून परत बोलावण्याची सवय लावावी.

आपल्याकडे खरी कसोटी उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयापूर्वीच फिरवून आणावे. तळहाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पायही भाजतात. उकाडा म्हणून केस भादरू नयेत, कारण दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही रक्षण करतो. गळालेले केस मात्र नियमित विंचरून काढावेत. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, झोकांडी जाऊ लागली, तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि विलंब न लावता पशुवैद्यकांकडे न्यावे.

नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे भागत नाही. अंडी किंवा मांस हवेच. कांदा आणि द्राक्षे त्याला विषारी ठरतात. वाढत्या वयात उंचावरून उड्या मारू देऊ नयेत, कारण या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो.

पावसाळ्यात गोचीड रोज काढावेत. खाणे सोडून ताप आला आणि हिरड्या फिक्या पडल्या, तर गोचीड तापाची शंका घेऊन रक्त तपासावे. पावसाळा सरताना कान आणि बोटांच्या बेचक्यांतील कुसळे शोधावीत. शेळ्या-मेंढ्यांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक औषध मात्र अंदाजाने कधीही टोचू नये; या जातीतील काही कुत्र्यांना ते जन्मतःच सोसत नाही आणि त्यांचा जीव जाऊ शकतो.