पूर्वनिर्णय आपल्या वादाला लागू पडतो का, हे कसे तपासावे

संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. मात्र बंधन असते ते ज्या कायदेशीर तत्त्वावर निकाल उभा आहे त्या तत्त्वाचे, ज्याला वकील मंडळी ‘रेशो’ म्हणतात. ओघात व्यक्त झालेल्या मताला तेवढे वजन नसते. म्हणून पूर्वनिर्णय, म्हणजे न्यायालयाचा आधीचा निवाडा, हाती घेतल्यावर न्यायालयापुढे नेमका कोणता प्रश्न होता, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे.

एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मीर्झा हा १९८१ चा निवाडा या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखा आहे. पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपवणारी अट त्यात घटनाबाह्य ठरली, एवढेच लक्षात ठेवून तो पुढे केला तर पंचाईत होते. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी संपवणारी अट त्याच निवाड्यात टिकली, आणि पुरुष कर्मचाऱ्यांचा संवर्ग वेगळा मानून त्यांच्याशी केलेली तुलनाही न्यायालयाने अमान्य केली. समान सेवाशर्ती मागणाऱ्या स्त्रीने हा दाखला दिला, तर प्रतिपक्ष त्यातलाच दुसरा उतारा तिच्यावर उलटवू शकतो. शिवाय एअर इंडिया तेव्हा कायद्याने स्थापन झालेले महामंडळ होते; खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याला कायद्यापुढील समानतेची हमी देणाऱ्या अनुच्छेद १४ चा तसा थेट आधार सहसा मिळत नाही, त्याला एखादा विशिष्ट कायदा शोधावा लागतो. तथ्यांमधला हा फरक आपण आधी हेरला नाही, तर समोरचा वकील तो हेरतोच.

त्यानंतर पीठ किती न्यायाधीशांचे होते ते पाहावे, कारण लहान पीठाला मोठ्या पीठाचा निर्णय डावलता येत नाही. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात आठ आणि १९६२ मध्ये खरक सिंग प्रकरणात सहा न्यायाधीश बसले होते, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही हे म्हणणे या दोन निवाड्यांच्या बळावर टिकून होते. तो अडसर दूर करण्यासाठी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांचे पीठ नेमावे लागले. २४ ऑगस्ट २०१७ च्या त्या निवाड्याने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला; त्यात सहा स्वतंत्र निकालपत्रे आहेत. पण नऊही न्यायाधीशांनी मिळून दिलेला आदेश शेवटी आहे आणि वाचनाची सुरुवात तिथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. हक्क मान्य झाला म्हणून प्रत्येक वाद जिंकता येतो असे मात्र नाही. वर्षभरानंतर आधारच्या खटल्यात कायद्याचे अस्तित्व, उचित हेतू आणि प्रमाणबद्धता (म्हणजे हक्कावरचे बंधन त्या हेतूच्या प्रमाणात असणे) या कसोट्या लावल्यावर पॅनची जोडणी टिकली, तर बँक खात्याची आणि मोबाइल क्रमांकाची सक्ती टिकली नाही.

निवाडा आजही उभा आहे का, हेही तपासलेच पाहिजे. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ वैध मानणारा २०१३ चा कौशल निवाडा ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर प्रकरणात रद्द झाला. त्यानंतर त्यावर विसंबणे व्यर्थ आहे. दुसऱ्या राज्यातील उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्याकडे मार्गदर्शक ठरू शकतो, बंधनकारक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर निवाडे विनामूल्य मिळतात, तेव्हा वर्तमानपत्रातील सारांशावर न थांबता मूळ परिच्छेद वाचावा, त्याचा क्रमांक लेखी युक्तिवादात द्यावा, आणि आपल्याविरुद्ध जाणारा निवाडा सापडल्यास आपली तथ्ये त्याहून वेगळी का आहेत हे त्याच परिच्छेदाखाली लिहावे.