अप्रेंटिसशिपचं वर्ष संपत आलंय? कायम नोकरी शोधताना या चुका टाळा

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी पदवीधर अप्रेंटिस होतो. दहाव्या महिन्यात सुपरवायझर म्हणाले, "तुझं नाव वर पाठवलंय, काळजी करू नकोस." त्या एका वाक्यावर मी चार महिने काढले. त्यातले दोन महिने शिफ्ट करत गेले आणि उरलेले दोन, अप्रेंटिसशिपचं वर्ष संपल्यावर, घरी फोन उशाशी ठेवून. फोन आला नाही. सुपरवायझर खोटं बोलले नव्हते, नाव खरंच वर गेलं होतं. त्या तिमाहीत जागाच निघाली नाही. आता मी कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात काम करतो आणि दरवर्षी कुणाचे ना कुणाचे असेच महिने वाया जाताना पाहतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

"घेतील बहुतेक" यावर विसंबणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्यातलं कलम २२ पूर्वी स्पष्टच सांगायचं, की प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. २०१४ ला ते वाक्य बदललं, पण सरसकट नोकरी देण्याची सक्ती आजही नाही. कलम १८ नुसार तर तुम्ही कामगारही नसता, प्रशिक्षणार्थी असता. वर्षभर लाईनवर इतरांइतकंच राबलात, रात्रपाळ्या केल्यात, तरी त्यातून नोकरीचा हक्क तयार होत नाही. ऐकायला कडू आहे, पण हे पहिल्या महिन्यातच कळलेलं बरं.

कलम २२ मध्येच तुमच्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या फारसं कुणी वाचत नाही. पहिली म्हणजे, २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक आस्थापनेनं प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांच्या भरतीबद्दल स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात एचआरला "आपल्याकडे अप्रेंटिसच्या भरतीचं धोरण काय आहे?" असं मेलवर विचारण्यात गैर काही नाही. "मला घेणार का?" या प्रश्नाला गोड उत्तर मिळतं. धोरण विचारलंत की परीक्षा असते का, जागा कधी निघतात, मागच्या बॅचमधले किती जण घेतले, हे बाहेर येतं. दुसरी गोष्ट, प्रशिक्षणानंतर त्याच मालकाकडे नोकरी करण्याची अट करारात असेल, तर मालकालाही योग्य काम देऊ करावं लागतं. म्हणून स्वतःचा करार आज उघडून वाचा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांनी तो सही करताना शेवटचा पाहिलेला असतो.

"सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, अप्रेंटिसला घ्यावंच लागतं" हेही खूप फिरतं. १९९५ च्या उत्तर प्रदेश परिवहन प्रकरणात न्यायालयानं म्हटलं ते इतकंच: बाकी सगळं समान असेल, तर थेट आलेल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. बाकी सगळं समान असेल तर! रेल्वेच्या लेव्हल १ (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीतल्या २० टक्के राखीव जागांचाही असाच घोळ होतो. त्या रेल्वेच्याच आस्थापनांत अप्रेंटिसशिप पूर्ण करून राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी आहेत, आणि परीक्षा त्यांनाही द्यावी लागते. खासगी कारखान्यातल्या पदवीधर अप्रेंटिसचा त्यांच्याशी संबंध नाही.

वर्ष संपल्यावर शोधायला लागणं

ऑफ-कॅम्पस भरतीच्या जाहिरातीत पास झाल्याचं वर्ष दिलेलं असतं. अमुक बॅच, फार तर तिच्या मागची एक. तुम्ही बारा महिने एका ठिकाणी गुंतलेले असता आणि तेवढ्यात तुमची बॅच जुनी होते. गेट (अभियांत्रिकी पदवीधरांची राष्ट्रीय परीक्षा) देऊन सरकारी कंपनीत जायचं असेल, तर परीक्षा फेब्रुवारीत असते, पण अर्ज ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. उन्हाळ्यात वर्ष संपल्यावर जागे झालात, तर पुढच्या निकालापर्यंत आणखी एक वर्ष जातं.

सहाव्या महिन्यानंतर आठवड्याला ठरावीक अर्ज करायचेच. सुट्टीच्या दिवशी दोन तास पुरतात. अप्रेंटिसच्या पैशात शिल्लक पडत नाही. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये ठरले होते. चाकणला कॉटबेसिसचं भाडं आणि मेस भागवून त्यात उरतं काय? वर्ष संपलं की दुसऱ्याच महिन्यात घरून पैसे मागायची वेळ येते, आणि मग मिळेल ते काम धरावं लागतं. कसलीही नोकरी पत्करण्यामागे बहुतेकदा ही घाई असते, पोराच्या लायकीचा त्यात प्रश्न नसतो.

कागद मागे सोडून येणं

शेवटच्या दिवशी सेल्फी काढतात, कागद मात्र राहून जातात. पदवीधर अप्रेंटिसला प्रावीण्य प्रमाणपत्र विभागीय प्रशिक्षण मंडळाकडून मिळतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते मंडळ मुंबईत सायनला आहे. प्रमाणपत्र अडकलं असेल, तर आधी कंपनीच्या एचआरला धरा. तिमाही प्रगतीच्या नोंदी आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद आस्थापनेनं केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर केली आहे का, ते विचारा. गाडी बहुधा तिथेच थांबलेली असते. ही चौकशी तुम्ही गेटच्या आत आहात तोवर करा. बाहेर पडल्यावर तेच एचआर फोन उचलत नाहीत.

आता पीएफबद्दल. अप्रेंटिस कायद्याखालच्या प्रशिक्षणार्थीचा पीएफ कापला जात नाही. त्यामुळे नव्या कंपनीत पार्श्वभूमीची तपासणी होते तेव्हा तुमचं हे वर्ष पीएफच्या नोंदीत दिसतच नाही. अर्जात त्याला 'नोकरी' लिहिलंत, तर खोटी माहिती दिल्याचा शेरा बसू शकतो. 'पदवीधर अप्रेंटिस' असंच लिहा. सोबत नोंदणी केलेला करार, बँक खात्यात स्टायपेंड जमा झाल्याची पानं आणि प्रमाणपत्र जोडा.

पीएफ न कापल्याचा एक फायदाही आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफला जोडल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेतून १५,००० रुपयांपर्यंत रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पूर्वी कुठेच पीएफ कापला गेला नसेल, तर तुम्ही त्यात बसू शकता. नव्या ठिकाणी रुजू होताना एचआरकडे हा विषय काढा.

बायोडेटात "एक वर्ष प्रशिक्षण" एवढंच लिहिणं

कुठल्या मशीनवर काम केलंत? कोणता दोष शोधलात? सेटिंगला आधी किती मिनिटं लागायची, नंतर किती? दररोज शिफ्ट संपल्यावर दोन ओळी वहीत लिहा, वर्षअखेरीस बायोडेटा त्या वहीतून निघतो. वाणिज्य शाखेचे असाल, तर किती बिलं तपासलीत, जीएसटीचं कोणतं विवरणपत्र भरायला मदत केलीत, ते लिहा. कंपनीची गुप्त माहिती आणि ग्राहकांची नावं मात्र बाहेर न्यायची नाहीत.

पुन्हा अप्रेंटिस, नाहीतर ठेकेदार

"अजून एक वर्ष दुसरीकडे अप्रेंटिस म्हणून कर, मग बघू" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. केंद्राच्या योजनेतून एकदा प्रशिक्षण झालेल्याला पुन्हा तेच करता येत नाही. असं सांगणारा माणूस तुम्हाला नोंदणीशिवाय 'ट्रेनी' म्हणून राबवणार, अशीच शक्यता जास्त.

ठेकेदाराकडून त्याच लाईनवर परत येणं आणि कंपनीच्याच रोलवर ठरावीक मुदतीची नोकरी, यांत फरक करायला शिका. मुदतीची नोकरी कायम नसते म्हणून बरेच जण ती नाकारतात. मला ते पटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी लागू होते, आणि नियुक्तिपत्र सगळ्यांनाच द्यावं लागतं. पीएफ सुरू होतो, अनुभव खरा धरला जातो. पुढच्या कायम नोकरीसाठी ही पायरी चालेल. नियुक्तिपत्र हातात पडल्याशिवाय रुजू मात्र होऊ नका.

सरकारी कार्यालयातले प्रशिक्षणार्थी

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. पदवीधरांना महिना १०,००० रुपये, मुदत आधी सहा महिने, मग वाढून अकरा. ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलमध्ये बसून या मुलांनी खरोखर काम केलं, आणि कायम करा म्हणून ती आंदोलनालाही बसली. त्यांची तळमळ मला समजते. पण आंदोलनाच्या निकालावर परीक्षेचा अभ्यास थांबवू नका. कार्यालयात लिपिकाचं काम केलं असेल, तर मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टंकलेखन प्रमाणपत्र आधी मिळवा. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत ते मागतात, आणि अनुभव असूनही पोरं तिथेच अडतात.

"मग त्यांनीच का नाही घेतलं?"

हा प्रश्न मुलाखतीत येणारच. इथे जुन्या कंपनीची तक्रार सुरू केलीत की मुलाखत हातातून जाते. गप्प राहिलात तरी जाते. आमच्या एका विद्यार्थिनीला हा प्रश्न तीन ठिकाणी आला आणि पहिल्या दोन्ही ठिकाणी तिचा गळा दाटून आला. तिसऱ्या वेळी तिनं सांगितलं, "आमच्या बॅचला जागा निघाल्या नाहीत सर. पण गेजिंगच्या (मापं तपासायच्या) टेबलावर मी आठ महिने एकटी होते. तिथलं काय विचारायचंय ते विचारा." त्यांनी पाऊण तास विचारलं.