बागेसाठी देशी झाडं निवडताना

रोपवाटिकेत जाण्याआधी एक दिवस बाग नुसती बघा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ऊन कुठवर येतं ते कागदावर काढून ठेवा. सहा तासांहून जास्त थेट ऊन मिळतं ती भर उन्हाची जागा. मग ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा आणि ते जिरलं की पुन्हा भरा. हे दुसरं पाणी उद्यापर्यंत साचून राहिलं, तर तिथे पाणथळीतलीच झाडं लावा. इतरांची मुळं कुजतील.

आता यादी. देशी म्हणजे देशात कुठेही उगवणारं नव्हे. किनाऱ्यावरचं झाड कोरड्या पठारावर परकंच. जवळच्या रानात, माळावर, ओढ्याकाठी न लावता काय उगवतं ते पाहा. रस्त्याकडेची झाडं बघून मात्र ठरवू नका. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, झेंडू मेक्सिकोकडचा. परकं झाड वाईटच असं नाही, झेंडू खुशाल असू द्या. पण घाणेरीही शोभेसाठीच देशोदेशी नेली गेली होती, आणि आता ती जंगलंच्या जंगलं व्यापून बसली आहे. बेफाम पसरणारं काही घेऊ नका.

फुलं सगळेच बघतात. माझ्या मते निवड पानांवरून करावी. फुलपाखराला मध बऱ्याच फुलांतला चालतो, त्याच्या अळीला मात्र ठरावीक झाडाचंच पान लागतं. मोनार्क फुलपाखराची अळी रुईच्या कुळातली पानं सोडून दुसरं काही खात नाही. म्हणून प्रत्येक झाडाबद्दल विचारा, याची पानं कोण खातं? ‘याला कीड लागतच नाही’ ही विक्रेत्याची शिफारस इथे उलटी धरायची. पानं कुरतडलेली दिसली तरी फवारणी नको. पिलांना भरवायला पक्षी याच अळ्या शोधत येतात.

खरेदी करताना शास्त्रीय नाव विचारून घ्या, कारण एकाच बोलीनावाने वेगवेगळी झाडं विकली जातात. पूर्ण वाढल्यावरची उंची आणि पसाराही विचारा. भरगच्च, दुहेरी पाकळ्यांचे वाण टाळा. त्यांत बहुधा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मधमाशीला पराग मिळत नाही. रानातून रोप उपटून तर आणूच नका, बी आणा.

एकेक नग दहा प्रकारचे घेण्यापेक्षा एका जातीची तीन-चार रोपं जवळजवळ लावा, कीटकांना ती सापडतात. खत बेतानेच, नाहीतर नुसता पाला माजतो. पहिलं वर्षभर मात्र पाणी द्यावंच लागतं, झाड कितीही काटक असलं तरी.