बॅकअपनंतर डिस्कची वीज आपोआप तोडताय? या चुका टाळा

रात्री अकराला बॅकअप सुरू होतो, संपल्यावर रिले (हुकमाने चालणारा विजेचा स्विच) खट्ट वाजतो, बाहेरच्या डिस्कची वीज जाते आणि टेबलावर हिरवा दिवा लागतो. नाशिकच्या अंबड-सातपूरचं वर्कशॉप असो, कॉलेज रोडवरचं सीएचं ऑफिस असो की पिंपळगाव बसवंतचं द्राक्षांचं पॅकहाउस, ही जोडणी कुठेही करण्यासारखी आहे. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) शिरलं तरी वीजच नसलेल्या डिस्कला ते हात लावू शकत नाही. पण चुकलेली जोडणीच डिस्क खराब करते. शिवाय खोटा हिरवा दिवा पाहून माणूस निर्धास्त राहतो, ते जास्त धोक्याचं.

इथे धरलेली मांडणी अशी: विंडोजचा पीसी, रोबोकॉपीने (विंडोजच्या कॉपी करणाऱ्या कमांडने) होणारा बॅकअप, स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेली ३.५ इंची डिस्क, आर्डुइनो उनो (पीसीकडून यूएसबीवर हुकूम घेऊन रिले आणि दिवे चालवणारा छोटा बोर्ड), ५ व्होल्टचा एक रिले मॉड्यूल, लाल-हिरवे एलईडी (प्रत्येकाला ३३० ओहमचा रेझिस्टर) आणि बझर.

घड्याळावर विसंबणं

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘अकराला बॅकअप, साडेबाराला वीज बंद’ असे दोन वेगळे टास्क लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मार्चमध्ये डेटा फुगतो, पॅकहाउसचा हंगामही तेव्हाच जोरात असतो, आणि एखाद्या रात्री कॉपी चालू असतानाच रिले सुटतो. बॅकअप आणि त्यानंतरची कामं एकाच बॅच फाइलमध्ये, एकामागून एक ठेवा. टास्क शेड्युलरच्या ‘टास्क पूर्ण’ या १०२ क्रमांकाच्या इव्हेंटवर दुसरा टास्क लावणंही पुरेसं नाही. बॅकअप फसला तरी तो इव्हेंट येतो.

रोबोकॉपीचा निकाल उलटा वाचणं

बहुतेक प्रोग्रॅममध्ये ० म्हणजे यश आणि बाकी सगळं अपयश. रोबोकॉपीचं तसं नाही. ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच अपयश. बॅच फाइलमध्ये ‘एररलेव्हल १’ (म्हणजे निकालाचा आकडा १ किंवा जास्त) तपासलं तर चांगल्या बॅकअपलाही लाल दिवा लागतो. मग वैतागून कोणीतरी तपासणीच काढून टाकतं, आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो. ‘एररलेव्हल ८’ तपासा, आणि तेही रोबोकॉपीच्या अगदी पुढच्या ओळीत, कारण मध्ये दुसरी कमांड आली की आकडा बदलू शकतो.

रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी मुळात १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. कोणी टॅली उघडी ठेवून घरी गेलं आणि एक फाइल अडकली, तर सकाळपर्यंत बॅकअप तिथेच आणि डिस्क चालूच. आर स्विचला (किती वेळा प्रयत्न) २ आणि डब्ल्यू स्विचला (किती सेकंद थांबायचं) ५ द्या. टॅली मात्र बंदच हवी. टॅलीत उघड्या असलेल्या कंपनीच्या डेटाची कॉपी झाली तरी ती आतून अर्धवट असू शकते.

आधी वीज, मग डिसमाउंट

क्रम उलटा हवा. कॉपी संपली की ‘माउंटव्हॉल’ कमांड पी स्विचसह ॲडमिन हक्काने चालवा. त्याने डिस्क डिसमाउंट होते, म्हणजे विंडोज तिला नीट सोडून देतं. पण यानंतर दुसऱ्या रात्री डिस्कला वीज दिली तरी तिचं ड्राइव्ह अक्षर आपोआप परत येत नाही, आणि ‘डिस्क गेली’ म्हणून धावपळ होते. डिस्क जोडलेली असताना माउंटव्हॉल नुसतं चालवून तिचं लांबलचक व्हॉल्यूम-नाव टिपून ठेवा, आणि रोज सुरुवातीला त्याच नावावर अक्षर पुन्हा द्या. वीज दिल्यावर चकती वेगात यायला वेळ लागतो, म्हणून ६० सेकंदांपर्यंत थोडंथोडं थांबून पाहा. तरी अक्षर मिळालं नाही तर लाल दिवा.

डिसमाउंट झालं तरी चकती फिरतच असते. पॉवर प्लॅनमध्ये हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ ५ मिनिटं ठेवा आणि रिले १० मिनिटांनी सोडा. डिस्कच्या केसवर बोट ठेवलं की चकती थांबली का ते कळतं. आठवड्याने डिस्कच्या स्मार्ट माहितीतला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९२ क्रमांकाचा आकडा पाहा (काही प्रोग्रॅम तो सी० असा दाखवतात). तो रोज रात्री एकाने वाढत असेल तर चकतीवर वाचणारं-लिहिणारं हेड अजून अचानक मागे खेचलं जातंय. रिलेची वेळ वाढवा.

पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो

ही चूक शोधायला दिवस जातात. पीसी ज्यावरून उनोला हुकूम देतो तो सिरियल पोर्ट उघडताना डीटीआर ही सिग्नलची लाइन हलली की उनो रीसेट होतो आणि पुढचे साधारण २ सेकंद बूटलोडर (उनोचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) चालतो. त्या वेळात पाठवलेला हुकूम वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीला पोर्ट उघडून ‘चालू’ सांगितलं, बंद केला, आणि शेवटी ‘१० मिनिटांनी बंद कर’ सांगायला पुन्हा उघडला, तर रीसेटमुळे रिले त्याच क्षणी सुटतो, डिस्क फिरत असतानाच. उपाय स्वस्त आहे: रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अधिक टोक रीसेटकडे. नवा प्रोग्रॅम चढवताना तेवढा काढा.

उनोला स्वतंत्र ९ व्होल्टचा अडॅप्टर द्या, म्हणजे पीसी बंद झाला तरी त्याची वेळमोजणी चालू राहते. १२ व्होल्टचा लावला तर रिले आणि दिव्यांच्या भाराने बोर्डावरचा रेग्युलेटर विनाकारण तापतो.

रिलेची जोडणी

२३० व्होल्टच्या बाजूला हात घालू नका. अडॅप्टरपासून डिस्ककडे जाणारी १२ व्होल्टची अधिक तारच रिलेतून न्या, कॉमन आणि ‘नॉर्मली ओपन’ या टोकांतून. मग उनो बंद पडला तर डिस्कही बंद राहते. बरेच मॉड्यूल शून्य व्होल्टला चालू होतात. अशा मॉड्यूलसाठी उनोच्या कोडमधल्या सेटअपमध्ये आधी पिन ‘हाय’ करा आणि मग ती आउटपुट ठरवा. उलटं केलं तर उनो सुरू होताना रिले एकदा टकटकतो आणि डिस्कला क्षणभर झटका बसतो. यूएसबीवरच चालणाऱ्या २.५ इंची डिस्कची ५ व्होल्टची तार अशी तोडू नका. डेटाच्या तारा जोडलेल्याच राहतात.

कालचा हिरवा दिवा

काल लागलेला दिवा आजही तसाच राहिला, तर बॅकअप झालाच नाही हे कळणार कसं? वळवाच्या पावसात लाइट गेली, पीसी बंद राहिला, टास्क चाललाच नाही, तरी दिवा हिरवाच. म्हणून हिरव्याला मुदत द्या: शेवटच्या यशापासून २६ तास झाले की तो विझावा आणि बझर वाजावा.

ही मुदत उनोच्या कोडमध्ये २६ गुणिले ६० गुणिले ६० गुणिले १००० अशी सरळ लिहिली, तर १६ बिटांच्या गणितात ९,३६,००,००० मावत नाही, १४,५९२ मिलिसेकंद उरतात आणि बझर पंधरा सेकंदांच्या आतच ओरडतो. पहिल्या आकड्याला यूएल जोडा. वेळ तपासताना आत्ताच्या मिलिसमधून (उनो सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) जुनी वजा करा. अशी वजाबाकी अनसाइन्ड लाँगमध्ये केली की ४९ दिवसांनी मोजणी शून्यावर आली तरी ती बिघडत नाही.

टास्क ‘कोणी लॉगिन नसतानाही चालवा’ असा ठेवला असेल तर मॅप केलेली नेटवर्क ड्राइव्ह त्याला दिसत नाही. पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा.

सगळं जोडून झालं की तीन रात्री मुद्दाम बिघाड करा: एकदा डिस्कची यूएसबी वायर काढून, एकदा टॅली उघडी ठेवून, एकदा टास्कच बंद करून. पहिल्या रात्रीनंतर सकाळी लाल दिवा हवा, टॅलीची फाइल अडली तर दुसऱ्या रात्रीनंतरही, आणि तिसऱ्या वेळी शेवटच्या यशापासून २६ तासांनी बझर.