वॉलआय धरायचा तर आधी वजन ठरवा, रंग मागाहून

वॉलआय हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा, आणि तो तळाशी खातो. गळाला काय लावलंय, त्याचा रंग कोणता, हे सगळं मागाहून. आमिष तळापासून फूटभराच्या आत आहे का आणि सावकाश फिरतंय का, यावरच पंधरा आणे काम ठरतं. तरीही दुकानात बहुतेक जण रंग निवडण्यात तासभर घालवतात आणि जिग (म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला हुक) मात्र सगळे एकाच वजनाचे उचलतात. मग वाऱ्यात, पंधरा फूट पाण्यात ते हलकं जिग अधांतरीच वाहत राहतं आणि सरोवरात मासाच नाही असा समज होतो.

इथे डोळ्यांसमोर आहेत ती मिनेसोटाच्या उत्तर टोकाची बाउंड्री वॉटर्स आणि सीमेपलीकडे ओंटारिओतलं क्वेटिको, ही लागून असलेली दोन राखीव जंगलं. नुसत्या बाउंड्री वॉटर्समध्येच हजाराहून जास्त सरोवरं आहेत आणि बहुतेकांवर मोटर चालत नाही. एका सरोवरातून दुसऱ्यात जायचं तर कनू, म्हणजे हलकी वल्ह्याची होडी, खांद्यावर घेऊन चालायचं. त्या वाटेला पोर्टेज म्हणतात. त्यामुळे जे सामान न्याल ते पाठीवरून न्याल. टोरांटोच्या मासळीबाजारात ‘पिकरेल’ म्हणून जो मासा मिळतो, तो वॉलआयच.

त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून कमी उजेडात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा जास्त दिसतं. निवळशंख पाण्यात तो पहाटे आणि सूर्यास्ताच्या आसपास उथळ येतो, भर दुपारी खोल जातो. या भागातल्या बऱ्याच सरोवरांचं पाणी मात्र कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. दलदलीतल्या कुजलेल्या पाल्याचा तो रंग. अशा पाण्यात मासा दिवसाही आठ-दहा फुटांवर खातो. म्हणून पोचल्यावर पहिलं काम हे: वल्ह्याचं पातं पाण्यात उभं धरा आणि किती खोलवर दिसतं ते बघा. पातं दोन-तीन फुटांत दिसेनासं झालं तर दुपारीही उथळ खडक सोडू नका.

रॉड आणि दोरी

साडेसहा फुटी, मीडियम-लाइट, टोकाशी वाकणारा आणि दोन तुकड्यांत सुटणारा रॉड घ्या. अखंड रॉड पोर्टेजवर झाडाला अडकून मोडतो. त्याला २५०० मापाचं स्पिनिंग रील. दोरी ६ ते ८ पौंडी (म्हणजे तेवढा भार पेलणारा) साधा तंगूस. खोल पाण्यात जास्त नीट जाणवायला हवं असेल तर १० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे चार-पाच फूट ८ पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा तंगूस). गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की तंगूस घर्षणाने तापतो आणि नेमका मोठ्या माशाला तिथेच तुटतो.

पाइक मासा इथे सगळीकडे आहे आणि तो दोरी कापतो. त्यासाठी पोलादी तार लावायचा मोह होतो, पण तारेने जिगची चाल मरते. दोन-चार जिग पाइकला गेले तरी चालतील, तार नको.

जिग: निम्म्याहून जास्त वेळ हेच

सहा फुटांच्या आत १/१६ औंस. दहा फुटांपर्यंत १/८, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. दहा ते वीस फुटांत १/४. त्याहून खोल, किंवा वाऱ्याने कनू ढकलली जात असेल तर ३/८. हे झालं अंदाजाचं माप; खरी परीक्षा पाण्यात. जिग टाका, दोरी जेमतेम ताठ ठेवून खाली जाऊ द्या. तळाला टेकताच दोरी एकदम सैल पडते. ते सैल पडणं डोळ्यांना दिसलं नाही किंवा बोटाला कळलं नाही, तर पुढच्या वजनावर जा. उलट, जिग दगडासारखं धपकन पडून प्रत्येक कपारीत अडकत असेल तर एक पायरी खाली या. तळ कळेल एवढं जड, आणि त्याच्यापेक्षा कणभरही जास्त नाही.

आता चाल. तळ लागला की रॉडचं टोक फक्त वीतभर उचला. मग दोरी ताठ ठेवतच टोक खाली आणा, म्हणजे जिग सोडल्यासारखं न पडता उतरवल्यासारखं उतरेल. टेकलं की दोन ते पाच सेकंद थांबा. पुन्हा वीतभर. वॉलआय बहुतेक वेळा जिग उतरतानाच घेतो, आणि घेतो म्हणजे पाइकसारखा हिसका देत नाही. तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. हाताला एक बारीक ‘टक्’ कळतं, कधी तेही नाही, नुसता ओला कपडा अडकल्यासारखा जडपणा. टोक झपकन खाली टाकलं की दोरीला झोळ पडतो आणि तो टक् त्या झोळात विरून जातो. मासे लागत नाहीत याचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच. जडपणा वाटला की मनगटाने वर खेचा. तो दगड निघाला तर काही बिघडत नाही.

आमिष जळू असेल तर तिच्या रुंद टोकाच्या चोषकातून हुक एकदाच काढा, म्हणजे ती मोकळी पोहते. गुंडाळी करून ओवली की तिचा गोळा होतो. गांडूळ अर्धं तोडून एका टोकाला ओवा, बाकीचं मागे लोंबू द्या. बारकी मासळी असेल तर तोंडातून आत आणि डोक्यातून वर. रबरी ट्विस्टर (वळणदार शेपटीचं नकली आमिष) तीन इंची घ्या आणि हुकाच्या दांड्यावर अगदी सरळ चढवा. जरा वाकडं बसलं तरी ते गरगर फिरतं आणि दोरीला पीळ भरतो. नुसती शेपूट कुरतडून जात असेल तर मासे सुस्त आहेत. चाल आणखी मंद करा, वाटल्यास रबर इंचभर तोडून आखूड करा.

रंगाबद्दल एवढंच: चहाच्या पाण्यात नारिंगी, सोनेरी किंवा पिवळट हिरवा, स्वच्छ पाण्यात पांढरा, राखाडी, किंवा काळा. अर्ध्या तासात काही घडलं नाही तर आधी जागा बदला, मग वजन, मग रंग.

सरकता बॉबर

मोठमोठ्या दगडांचा तळ, जिथे जिग चौथ्या फेकीला जातंच, तिथे हा, म्हणजे दोरीवर सरकणारा आणि पाण्यावर तरंगणारा गोळा. शांत संध्याकाळी, नवख्या माणसाच्या किंवा मुलांच्या हातीही हाच द्या. दोरीवर क्रमाने असं ओवायचं: सगळ्यांत वर दोऱ्याची अडकण-गाठ, मग मणी, मग मधून आरपार नळी असलेला बॉबर, शेवटी ६ नंबरचा हुक किंवा १/१६ चं जिग. हुकाच्या दीड वीत वर चिमटीने दाबून बसवायची एक-दोन बारीक गोळी-वजनं.

खोली मोजायला हुकाला एक जड वजन अडकवून सोडा. बॉबर पाण्याखाली ओढला गेला तर अडकण वर सरकवा. आडवा पडून राहिला तर खाली. पृष्ठभागाशी नेमका आला की वजन काढा आणि अडकण फूटभर खाली घ्या. आमिष आता तळाच्या फूटभर वर लटकतंय.

मणी विसरलात तर अडकण-गाठ बॉबरच्या नळीतून निघून जाते आणि सगळं तळाशी बसतं. वजन कमी पडलं तर दोरी नळीतून सरकत नाही, बॉबर आडवाच तरंगतो आणि आमिष वरच्या चार फुटांत राहतं. हे ओळखा, कारण लोक तासन्‌तास तसे बसून राहतात. बॉबर बुडाला की लगेच झटका देऊ नका. आधी झोळ गुंडाळा, मासा जड लागला की रॉड लांब, एकसंध ओढीने मागे न्या.

सरकतं वजन आणि लांब दोरी

वाळूचा, चिखलाचा किंवा बारीक खडीचा सपाट तळ आणि पंधरा ते तीस फूट खोली असेल तर ही मांडणी. बुटाच्या आकाराचं १/४ ते १/२ औंसाचं वजन दोरीवर मोकळं सरकतं, त्यापुढे स्विव्हल (गोल फिरणारी कडी), मग तीन फूट ६ पौंडी फ्लुरोकार्बन आणि हुक. पाणी फार स्वच्छ असेल तर तीन फुटांचे पाच-सहा करा. वाऱ्याने कनू हळू वाहू द्या, रीलची तार (दोरी अडवणारी कमान) उघडी ठेवा आणि दोरी एका बोटावर. ओढ जाणवली की बोट सोडा. मासा वजन न ओढता आमिष नेतो. पाच ते दहा सेकंदांनी तार बंद करा, झोळ गुंडाळा, मग ओढा. मोठ्या दगडांत ही मांडणी नेऊ नका. वजन कपारीत बसतं आणि तोडल्याशिवाय निघत नाही.

वल्हवत ओढणं

नवीन सरोवरात मासे कुठे आहेत हेच माहीत नसतं, तेव्हा नऊ ते अकरा सेंटिमीटरचा तरंगता लाकडी मासा, उदाहरणार्थ रापाला कंपनीचा, कनूच्या मागे ऐंशी ते शंभर फूट सोडा आणि किनाऱ्याला समांतर, दहा फूट खोलीच्या रेषेने वल्हवा. दोघांचा रमतगमत वल्हवण्याचा वेग याला पुरतो. सरळ रेषेत न जाता नागमोडी जा. वळणाच्या आतल्या बाजूचं आमिष मंदावतं, बाहेरच्या बाजूचं वेग घेतं. मासा कुठल्या वेळी लागला यावरून त्या दिवशी त्याला कोणती चाल हवी ते कळतं. रॉड मांडीखाली दाबून ठेवणार असाल तर ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करा आणि रॉडच्या मुठीला दोरी बांधून ती कनूला अडकवा. अडकलेला दगड चालत्या कनूतून रॉड सहज उचलून नेतो.

मासा लागला की वल्हवणं थांबवून तिथेच जिग टाका. वॉलआय कळपाने असतो.

कुठे आणि केव्हा

मेच्या मध्याच्या सुमारास हंगाम उघडतो तेव्हा मासे नुकतेच अंडी घालून झालेले असतात. खळाळाच्या आणि धबधब्याच्या खाली, जिथे वेगाचं पाणी संथ पाण्याला घासतं त्या रेषेवर, सहा ते बारा फुटांत शोधा. जूनमध्ये ते खडकाळ टोकांवर आणि बेटांच्या मधल्या उंचवट्यांवर पांगतात. जळवा आणि बॉबरचा हा काळ. जुलै-ऑगस्टच्या दुपारी वीस-पंचवीस फूट, संध्याकाळी त्याच उंचवट्याच्या माथ्यावर. सप्टेंबरनंतर उभ्या कड्यांशी, आणखी खोल.

वारा वाहतो त्या दिशेचा किनारा, जिथे लाटा आपटतात, तो आधी धरा. लाटांनी उजेड फुटतो आणि बारकी मासळी तिकडे लोटली जाते. पण कनू त्या लाटांत टिकवायला नांगर लागतो. लोखंडी नांगर पोर्टेजवर कोण वाहणार? कांद्याची रिकामी जाळीची पिशवी आणि पन्नास फूट दोर न्या, दगड तिथे हवे तेवढे. दोर कनूच्या नाकाला किंवा शेपटीला बांधा, मधोमध कधीच नाही. आडव्या लाटेत कनू कलंडते.

सोडायचा मासा, ठेवायचा मासा

तीस फुटांच्या खालून वर आणलेल्या माशाचा हवेचा फुगा दाब कमी झाल्याने फुगतो आणि सोडलेला मासा बरेचदा मरतो. त्यामुळे एवढ्या खोलीवर ‘धरून सोडणं’ करू नका. खाण्यापुरते घ्या आणि उथळ या. पकडताना कल्ल्यांवरच्या धारदार झडपेत आणि पाठीच्या काट्यांत बोट जाऊ देऊ नका. मोठे मासे सोडा. त्या अंडी घालणाऱ्या माद्या असतात, शिवाय मोठ्या माशात पारा जास्त साठतो. तव्यात रवा लावून तळायला अर्ध्या मीटरच्या आतले उत्तम लागतात.

क्वेटिकोत कृत्रिम आमिष आणि बिनकाट्याचे हुक एवढंच चालतं. निघण्याआधी घरीच पक्कडीने सगळे उलटे काटे दाबून टाका. बिनकाट्याचा हुक सुटतो तो दोरी सैल पडल्यावरच, म्हणून मासा हातात येईपर्यंत झोळ पडू देऊ नका. जळवा किंवा जिवंत मासळी घेऊन ओंटारिओत शिरणं बेकायदा आहे. परवाना, किती ठेवायचे, किती लांबीचे, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहूनच जा.

वजनं शिशाची घेऊ नका. लून पक्षी अन्न दळायला तळातले खडे गिळतो, त्यांत तुटलेलं शिसं गेलं की विषबाधेने मरतो. टंगस्टन महाग आहे, पण त्याच वजनाला आकाराने लहान असल्याने तळही जास्त स्पष्ट कळतो.

दोघांना पाच दिवसांसाठी: १/८ आणि १/४ चे दहा-दहा जिग, १/१६ चे सहा, ३/८ चे चार, तीन इंची रबरं तीस, बॉबर तीन आणि अडकण-गाठींचं एक पाकीट, सरकती वजनं चार, तरंगते मासे तीन, पक्कड एक. बाउंड्री वॉटर्सच्या बाजूला अर्धा पौंड जळवा पुरतात. त्या सावलीत ठेवा आणि रोज गार पाणी बदला; पाणी कोमट झालं की एका दुपारीत मरतात. उरलेल्या जळवा सरोवरात न सोडता कचऱ्याबरोबर परत आणा.