जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी वायरिंग तपासा

एसी गार करेनासा झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: गॅस भरून घ्या. जुन्या गाडीत हा सल्ला बऱ्याचदा चुकतो. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, आणि त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडतो तो त्याचा विजेवर चालणारा क्लच. या क्लचपर्यंत करंटच पोहोचत नसेल तर कितीही गॅस भरला तरी कॉम्प्रेसर फिरणार नाही. आधीच पुरेसा असलेला गॅस आणखी भरला तर दाब वाढून नवे दुखणे मागे लागते. म्हणून आधी वीज तपासायची, मग गॅस.

इथे सांगितलेले सगळे क्लच असलेल्या कॉम्प्रेसरसाठी आहे. काही अलीकडच्या गाड्यांत बिनक्लचचा कॉम्प्रेसर असतो, त्याची तपासणी वेगळी.

विजेच्या दोन वाटा असतात. जाड वाट बॅटरीपासून फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) आणि क्लचच्या कॉइलपर्यंत (क्लच ओढून धरणारा तारेच्या वेढ्यांचा चुंबक) जाते आणि तिच्यातून ३ ते ४ अँपिअर वाहतात. बारीक वाट फक्त रिले चालू-बंद करते. डॅशबोर्डवरचा एसी स्विच, ब्लोअरचा स्विच, थर्मोस्टॅट आणि प्रेशर स्विच या वाटेवर बसलेले असतात, आणि इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा कंट्रोल युनिटही. यातल्या एकानेही नकार दिला की क्लच लागत नाही. फार जुन्या काही गाड्यांत रिलेच नसतो. तिथे क्लचचा सगळा करंट स्विच आणि थर्मोस्टॅटमधूनच जातो, त्यामुळे त्यांचे पॉइंट जळालेले सापडतात.

साहित्य थोडेच लागते: मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज बसवलेली जंपर वायर, इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डर आणि दोन तारांसह, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. तारांचे रंग मॉडेलगणिक बदलतात, त्यामुळे डायग्रामशिवाय नुसता अंदाज बांधत बसावे लागते. कंट्रोल युनिटच्या तारांवर बल्ब लावू नका, तिथे मीटरच वापरा. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या, तारांना हात लावायचा नाही. गॅसचे पाइप सैल करायचे नाहीत. रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून बाह्या आणि ओढणी पट्ट्यापासून लांब ठेवा.

आधी क्लचकडे पाहा

हवा निदान २० अंशांच्या आसपास असताना इंजिन चालू करा, एसी लावा, ब्लोअर पूर्ण ठेवा आणि कॉम्प्रेसरचे तोंड पाहा. पुली पट्ट्याबरोबर कायम फिरते. पुलीच्या पुढची चकती मात्र क्लच लागल्यावरच फिरते.

चकती सतत फिरते आणि तरी हवा गार नाही, तर क्लचचे वायरिंग बहुतेक ठीक आहे. मग कंडेन्सरचा (गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा, गॅस आणि हीटरची झडप पाहायची. चकती दर काही सेकंदांनी लागते आणि सुटते, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त: दाब साधारण २ बारच्या खाली गेला की प्रेशर स्विच क्लच तोडतो, दाब सावरला की पुन्हा जोडतो. चकती फिरतच नसेल तर विजेचे काम सुरू.

कनेक्टर न काढता मोजा

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. क्लचचे कनेक्टर काढून मीटर लावले, १३.५ व्होल्ट दिसले, म्हणून ‘सप्लाय येतोय, क्लच गेला’ असा निकाल दिला जातो. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. केसाएवढ्या एका धाग्यावर टिकलेली तारही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. कॉइलचा रोध ३.६ ओहम असेल आणि वाटेत कुठे गंजलेल्या पिनेने १ ओहमची भर घातली असेल, तर क्लच जोडल्याबरोबर त्या पिनेवर जवळपास ३ व्होल्ट खर्च होतात आणि कॉइलला साडेदहाच मिळतात. कनेक्टर काढलेल्या अवस्थेत हा दोष कधीच दिसत नाही.

म्हणून कनेक्टर जोडलेलेच ठेवा आणि मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा. मीटरचे एक टोक क्लचच्या तारेवर, दुसरे कॉम्प्रेसरच्या अंगावर. एसी चालू असताना तीनपैकी एक चित्र दिसेल: पूर्ण व्होल्टेज, शून्य, किंवा मधलेच काहीतरी.

मधलेच असेल, म्हणजे सात-दहा व्होल्ट, तर वाटेत रोध आहे. तो शोधायला मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे क्लचच्या तारेवर ठेवा. आता वाटेत जेवढे व्होल्ट गळतात तेवढेच मीटर दाखवेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले की दोष नक्की. मग एकेक टप्पा मोजा: बॅटरी ते फ्यूज, फ्यूजच्या दोन बाजू, रिलेची ३० आणि ८७ नंबरची पिन, रिले ते क्लच. जिथे आकडा एकदम उडी घेतो, ती जागा उघडा. बहुतेक वेळा हिरवी पडलेली पिन, सैल झालेला फ्यूजचा क्लिप किंवा जळके रिले पॉइंट सापडतात. अर्थची बाजूही सोडू नका. बॅटरीचा निगेटिव्ह आणि कॉम्प्रेसरचे अंग यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इंजिनची अर्थिंगची पट्टी किंवा कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट घासून साफ करा. एका तारेच्या क्लचला दुसरी वाट या ब्रॅकेटमधूनच मिळते.

पूर्ण व्होल्टेज येऊनही क्लच लागत नाही

इंजिन बंद करा. क्लचचे कनेक्टर काढून कॉम्प्रेसरच्या बाजूच्या तारेला जंपरने बॅटरीचा पॉझिटिव्ह द्या. स्पष्ट ‘टक’ ऐकू यायला हवे. दोन तारांचा क्लच असेल तर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह डायग्रामवरून ठरवा, कारण काही क्लचमध्ये कॉइलला समांतर डायोड असतो. उलटे दिले तर करंट सरळ डायोडमधून जातो आणि जंपरचा फ्यूज उडतो, प्रसंगी डायोडही जातो.

आवाज आला नाही तर कॉइलचा रोध मोजा. आधी मीटरची दोन टोके एकमेकांना लावून येणारा ०.२-०.४ ओहम वजा करा. निरोगी कॉइल साधारण ३ ते ५ ओहम दाखवते. आकडा येतच नसेल तर तार आत तुटली आहे, किंवा काही कॉम्प्रेसरमध्ये असतो तो उष्णतेचा फ्यूज गेला आहे. दोनच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर वेढे आपसात शॉर्ट झाले आहेत.

आकडा बरोबर, तरी गरम झाल्यावर एसी बंद पडतो, ही जुन्या गाडीची खास तक्रार. सकाळी छान गार, अर्ध्या तासाने गरम हवा, गाडी थंड झाली की पुन्हा ठीक. कारण साधे आहे. २० अंशांना ३.६ ओहम असलेली तांब्याची कॉइल १०० अंशांना सुमारे ४.७ ओहम होते, आणि करंट पावणेचार अँपिअरवरून तीनच्या खाली येतो. ओढ कमी होते. त्यात वर्षानुवर्षे घासून चकती आणि पुलीमधली फट वाढलेली असते, मग कमजोर ओढीला ती चकती पेलत नाही. फट फिलर गेजने तीन ठिकाणी मोजा. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये ती ०.३ ते ०.६ मिमी असते, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या. खात्रीची चाचणी अशी: गरम असताना क्लच सुटला की इंजिन बंद करा, जंपरने कॉइलला वीज द्या आणि लाकडी काठीने चकती दाबा. दाबल्यावर चिकटून राहिली तर फटच दोषी आहे. चकतीमागचा एखादा पातळ शिम (वॉशरसारखी चकती) काढला की काम होते, कॉम्प्रेसर बदलायची गरज नाही. चालू इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नका.

क्लचला काहीच व्होल्टेज नाही

फ्यूज डोळ्यांनी पाहू नका. टेस्ट लॅम्प दोन्ही बाजूंना लावा. उडालेला असेल तर मोठ्या अँपिअरचा घालू नका, त्याने फ्यूजऐवजी तार जळेल. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा आणि क्लचचे कनेक्टर काढा. बल्ब पूर्ण तेजाने पेटलेलाच राहिला तर तार कुठेतरी ब्रॅकेटला किंवा सायलेन्सरला घासून शॉर्ट झाली आहे. हार्नेस (तारांचा जुडगा) हलवत जा, बल्ब मिचकावेल तिथे दोष. विझला तर क्लचच्या कॉइलवर किंवा डायोडवर संशय घ्या.

फ्यूज ठीक असेल तर रिले काढा. सॉकेटच्या ३० नंबरवर कायम किंवा चावीवर वीज हवी. ३० आणि ८७ जंपरने क्षणभर जोडा. क्लच ‘टक’ करून लागला तर जाड वाट चांगली आहे. आता रिले किंवा बारीक वाट, दोनपैकी एक. ८५ आणि ८६ मधली रिलेची कॉइल बहुधा ६० ते १०० ओहम असते. रिले वाजतो म्हणजे चालतो असे नाही, वाजणारा रिलेही आतून जळलेला असू शकतो. त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहणे सर्वांत सोपे. उलटा दोषही होतो: पॉइंट चिकटले तर एसी बंद करूनही क्लच लागलेलाच राहतो.

एसी चालू असताना ८५ आणि ८६ मध्ये १२ व्होल्ट येत नसतील तर बारीक वाटेत कुणीतरी अडवले आहे. एसी स्विचपासून एकेक ठाणे तपासत पुढे जा.

प्रेशर स्विच सापडला की त्याला वायरने शॉर्ट करून गाडी चालवायचा मोह होतो. तो टाळा. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसताना कॉम्प्रेसर चालवला तर तो कोरडा चालून जाम होतो. शॉर्ट करायचेच तर इंजिन बंद ठेवून, दोन सेकंद, फक्त ‘टक’ ऐकण्यापुरते. चार तारांचा स्विच असेल तर त्यातल्या दोन पंख्याच्या असतात. तीन तारांचे असेल तर तो बहुधा स्विच नसून सेन्सर असतो, त्याला शॉर्ट करूच नका. स्विच उघडा दिसला तर आधी गेज लावून थांबलेल्या अवस्थेतला दाब पाहा. आर-१३४ए गॅस असेल आणि सगळे ३० अंशांवर असेल तर साधारण ६.७ बार दिसायला हवेत. तेवढा दाब असूनही स्विच उघडा असेल तर स्विच खराब. दाब नगण्य असेल तर स्विच आपले काम चोख करतोय, गळती शोधा. पूर्ण दाबावरून गॅस पुरेसा आहे असे मात्र ठरत नाही, थोडासा द्रव उरला तरी तोच आकडा येतो.

थर्मोस्टॅट दोन प्रकारचे. बारीक नळीचा यांत्रिक थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानाला जोडलेला आणि बर्फाच्या पाण्यात तुटलेला हवा. नळी चेपून फुटली की तो कायमचा उघडा राहतो. दुसरा थर्मिस्टर: थंड झाला की त्याचा रोध वाढतो, २५ अंशांना जो आकडा असतो त्याच्या साधारण तिप्पट बर्फाच्या पाण्यात होतो. त्याची तार तुटली तर यंत्रणेला केबिनची हवा गार करणारी कूलिंग कॉइल गोठली आहे असे वाटते आणि क्लच लागतच नाही. तो कूलिंग कॉइलच्या पात्यांतून निसटला तर उलटे घडते: क्लच सुटत नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि तासाभराने हवेचा झोत मंदावतो.

ब्लोअर आणि पंखा

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो, म्हणजे रेझिस्टर किंवा त्याच्यावरचा उष्णतेचा फ्यूज गेला. नवा रेझिस्टरही काही महिन्यांत गेला तर मोटर पाहा. बुश कोरडे पडून ती जास्त करंट ओढते, आणि कनेक्टर वितळलेला सापडतो. अनेक गाड्यांत ब्लोअरचा स्विच अर्थच्या बाजूला असतो. अशा वेळी बंद मोटरच्या दोन्ही तारांवर १२ व्होल्ट दिसतात, त्याने गोंधळू नका.

रस्त्यावर गार आणि सिग्नलला गरम, तर कंडेन्सरचा पंखा. त्याला थेट वीज देऊन पाहा, पण तो १० ते १५ अँपिअर घेतो, म्हणून जाड तार आणि २५ अँपिअरचा फ्यूज लागेल. हलकेच ठोकल्यावर सुरू होणाऱ्या पंख्याचे कार्बन ब्रश संपले आहेत. पंखा बदललेला असेल तर वारा योग्य दिशेने जातो का, तेही पाहा. तारा उलट जोडल्या तर तो उलटा फिरतो.

कधीतरीच होणारा दोष

गॅरेजमध्ये सगळे ठीक आणि रस्त्यावर बंद, अशा दोषासाठी क्लचच्या तारेला समांतर एक ५ वॉटचा बल्ब फ्यूजसह जोडून तो केबिनमध्ये, चालवताना नजरेस पडेल असा ठेवा. हवा गरम झाली आणि बल्ब विझलेला असेल, तर दोष क्लचच्या अलीकडे, फ्यूज-रिले-स्विचमध्ये आहे. बल्ब पेटलेला असून हवा गरम असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून चकती पाहा. ती फिरत नसेल तर फट, कॉइल किंवा अर्थ. फिरत असेल तर वीज निर्दोष आहे, आणि आता गॅसच्या माणसाकडे जायला हरकत नाही.